शोकदिनाचे पहिले पान: कसे वाचावे आणि कसे जपावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईजवळच्या गावच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत तीन जुनी वृत्तपत्रे सापडली: गांधीजींच्या हत्येची बातमी असलेला ३१ जानेवारी १९४८ चा एका मराठी दैनिकाचा अंक, भोपाळच्या वायुगळतीनंतरचा डिसेंबर १९८४ मधला एक अंक आणि किल्लारीच्या भूकंपानंतरचा १ ऑक्टोबर १९९३ चा अंक. अशा पहिल्या पानांना ऐतिहासिक पुरावा म्हणता येईल का, असे आपण विचारता. त्यांतले मृतांचे आकडे आज सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांशी जुळत नाहीत, तर ती चुकीची समजायची का, हा दुसरा प्रश्न. आणि भावाच्या म्हणण्याप्रमाणे पहिली पाने तेवढी फ्रेम करून बाकीचे अंक रद्दीत घालावेत का, हा तिसरा. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर बाकीच्या उत्तरांचा काही उपयोग राहणार नाही. कृपा करून एकही पान रद्दीत घालू नका आणि तूर्त फ्रेमवाल्याकडेही जाऊ नका. कारणे पुढे येतीलच.

जुन्या वृत्तपत्रांच्या फायली सांभाळणे, त्या अभ्यासकांना उपलब्ध करून देणे आणि त्यांतल्या मजकुराची पडताळणी करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. या कामात आपल्यासारखा प्रश्न वारंवार येतो आणि तो बहुतेक वेळा ‘पान खरे की खोटे’ अशा रूपात येतो. मला वाटते, त्याआधी ते पान नेमकी कशाची साक्ष देते हे ठरवायला हवे. आपण धरून चालतो की ते घटनेची साक्ष देते. माझ्या अनुभवात ते सर्वप्रथम एका वेळेची साक्ष देते: पान छपाईला सोडले त्या घटकेला त्या कचेरीपर्यंत काय पोहोचले होते, त्यातले काय छापणे शक्य होते, काय छापण्याची मुभा होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे वाचून लोक काय करतील याविषयी संपादकाच्या मनात कोणती काळजी होती. हे ध्यानात ठेवून वाचले, तर चुकलेला आकडासुद्धा उत्तम पुरावा ठरतो. हे ध्यानात न ठेवता वाचले, तर अचूक बातमीही दिशाभूल करू शकते.

यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगून ठेवतो. अंक कुठे छापला, तो शहर आवृत्तीचा आहे की बाहेरगावी पाठवण्यासाठी आधी छापलेल्या डाक आवृत्तीचा, घटना दिवसाच्या कोणत्या वेळी घडली, तेव्हा वृत्तपत्रांवर बंधने होती का आणि त्या दैनिकाचे धोरण काय होते, यांवर एकाच तारखेची दोन पाने एकमेकांपासून फार वेगळी निघू शकतात. आपला १९४८ चा अंक मी पाहिलेला नाही. त्यामुळे त्याविषयी निर्वाळा देणार नाही, तो कसा तपासावा एवढेच सांगतो.

सर्वांत आधी घड्याळ समोर ठेवावे. दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या शुक्रवारी, ३० जानेवारी १९४८ रोजी, सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास. भारतातल्या सकाळच्या दैनिकांच्या हाती त्यानंतर काही तासच होते, आणि ज्या प्रतींना बाहेरगावी जाण्यासाठी रात्रीची गाडी गाठायची होती त्यांच्या बाबतीत त्याहूनही कमी. लंडनमध्ये तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजून गेले होते, म्हणजे तिथल्या सायंदैनिकांना ही बातमी ३० तारखेलाच देता येणार होती. न्यूयॉर्कमध्ये तर सकाळचे पावणेसातच वाजले होते. तिथल्या ३१ जानेवारीच्या सकाळच्या दैनिकाला बातमी जमवायला पूर्ण दिवस मिळाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या त्या दिवशीच्या मथळ्यातच हत्येबरोबर मुंबईतील दंगलीत १५ जण ठार झाल्याचा उल्लेख येतो, तो यामुळेच. आपल्या आजोबांच्या अंकात मुंबईची ही बातमी कदाचित नसेल, किंवा दोन ओळींत असेल. सातासमुद्रापलीकडच्या पानावर आहे आणि घरच्या पानावर नाही, म्हणून मराठी संपादकाने ती दडवली असा निष्कर्ष लगेच काढू नये. दोन्ही पानांवर तारीख एकच आहे, पण त्यांच्या छपाईच्या वेळांमध्ये अनेक तासांचे अंतर आहे.

आता त्याच मथळ्यातला आणखी एक शब्द पाहा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मथळ्यात गांधींना एका हिंदूने मारले, असे स्पष्ट म्हटले होते. आज वाचणाऱ्याला मारेकऱ्याचा धर्म मथळ्यात कशाला, असा प्रश्न पडेल. पण फाळणीला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. मारेकरी मुसलमान असल्याची अफवा पसरली असती तर देशभर कत्तली झाल्या असत्या, ही भीती त्या संध्याकाळी राज्यकर्त्यांपासून सामान्य माणसापर्यंत सर्वांच्या मनात होती, आणि म्हणूनच ऑल इंडिया रेडिओवरून मारेकरी हिंदू असल्याचे आवर्जून सांगण्यात आले. त्या एका शब्दात त्या रात्रीची भीती नोंदली गेलेली आहे. आपल्या अंकात हा उल्लेख कुठे आहे, मथळ्यात, उपमथळ्यात की बातमीच्या पोटात, हे जरूर पाहा. तो पुण्याजवळच्या वाचकांसाठी छापलेला अंक आहे आणि नथुराम गोडसे पुण्यातूनच ‘अग्रणी’ आणि नंतर ‘हिंदुराष्ट्र’ हे वृत्तपत्र चालवत होता. मारेकऱ्याचे नाव, गाव आणि व्यवसाय त्या रात्री मराठी संपादकाने किती ठळकपणे दिला किंवा किती सावधपणे दिला, हे मला त्या पानाचे सर्वांत मोलाचे अंग वाटते.

पानाची शारीरिक तपासणीही बरेच सांगते. तेव्हाची मराठी दैनिके खिळ्यांच्या, म्हणजे धातूची अक्षरे जुळवून केलेल्या, छपाईची. दोन स्तंभांमध्ये जी बारीक रेघ उमटते ती धातूच्या पट्टीची असते. ती पट्टी उलटी बसवली की जाड बाजू वर येते आणि ठळक काळी रेघ छापली जाते. शोकदिनाच्या काळ्या चौकटींसाठी खिळेजुळारी हाच सोपा उपाय करीत. पानाच्या वरच्या भागातल्या रेघा जाड आणि खालच्या भागातल्या नेहमीसारख्या बारीक असतील, तर खालचा मजकूर दुपारीच जुळवून ठेवलेला असण्याची आणि वरचा भाग बातमी आल्यावर मोडून नव्याने बांधला गेल्याची शक्यता मोठी आहे. अशा पानावर खाली एखाद्या नगरपालिकेच्या सभेची किंवा गूळबाजारातील भावांची बातमी शांतपणे बसलेली दिसते. पुष्कळांना ती शोकाच्या पानावर विसंगत वाटते आणि कात्रण काढताना ते तेवढा भाग कापून टाकतात. माझ्या मते तो भाग अवश्य राहिला पाहिजे, कारण त्या दिवशीचे पान आधी कसे निघणार होते हे फक्त तिथेच दिसते.

छायाचित्राचेही तसेच आहे. छायाचित्र छापायचे तर त्याचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून घ्यावा लागे आणि त्याला वेळ लागे. प्रार्थनासभेच्या वाटेवर घडलेल्या प्रसंगाचे चित्र त्या रात्री बाहेरगावच्या छापखान्यात येण्याचा संभवच नव्हता. म्हणून अशा पानावर गांधीजींचे जे चित्र दिसते ते सहसा कचेरीतल्या जुन्या ब्लॉकवरून छापलेले असते, आणि कधी कधी ते हसऱ्या मुद्रेचे असते. त्यावरून संपादकाच्या भावनेविषयी काही ठरवू नये. कपाटात जो चांगला ब्लॉक होता तो त्याने लावला. राजघाटावरील अंत्यसंस्कार ३१ तारखेला झाले, त्यामुळे अंत्ययात्रेची चित्रे शोधायची तर १ फेब्रुवारी आणि त्यानंतरचे अंक पाहावे लागतील.

त्याच पानावर पंडित नेहरूंचे रेडिओवरील भाषण असेल, तर ते शब्दशः उतरवून ठेवा. ‘आपल्या जीवनातील प्रकाश गेला आहे’ या अर्थाच्या वाक्याने ते भाषण प्रसिद्ध आहे. ते लिहून आणलेले नव्हते, उत्स्फूर्त होते. कुणी ते रेडिओवर ऐकून टिपले, कुणाला ते वृत्तसंस्थेच्या तारेतून मिळाले, आणि मग रात्रीच्या घाईत त्याचा मराठी अनुवाद झाला. दोन मराठी दैनिकांतले अनुवाद शेजारी ठेवले तर कोणी कोणते वाक्य गाळले आणि कोणी कोणते मोठ्या अक्षरांत घेतले हे दिसते. अशी तुलना मला मथळ्यांच्या तुलनेपेक्षा जास्त उपयोगी पडलेली आहे, कारण मथळा बहुधा सर्वांचा सारखाच असतो.

आणि एक गोष्ट आपल्या भागाविषयी. हत्येनंतरच्या दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, वाडे जळाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. आपल्या गावातही या दिवसांच्या आठवणी वडीलधाऱ्या माणसांकडे असतील. ३१ जानेवारीच्या पानावर यातले काही असणार नाही. त्यानंतरच्या आठवड्यातले अंक मिळवून या घटनांना पहिल्या पानावर किती जागा मिळाली, कोणत्या शब्दांत, आणि गावांची नावे दिली की नुसतेच ‘काही ठिकाणी’ म्हटले, हे पाहावे लागेल. छापलेले आणि सांगितलेले यांत अंतर दिसले तर दोन्ही नोंदवून ठेवावे, एकाने दुसऱ्याला खोडू नये.

आता आकड्यांकडे येतो. भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला तो २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री. ३ तारखेचे सकाळचे अंक तोवर छपाईला गेलेले होते. ४ डिसेंबरच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मथळ्यात किमान ४१० मृत्यू असा आकडा आहे. पुढे तत्काळ झालेल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा २,२५९ धरला गेला, मध्य प्रदेश शासनाने नंतर ३,७८७ मृत्यू मान्य केले, आणि भोपाळमधील पीडितांच्या संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगत आल्या आहेत. आपल्या अंकात काही शेकडे लिहिले असतील तर ते खोटे नव्हते. रुग्णालयांत आणि शवागारांत त्या दिवसापर्यंत जेवढे मोजले गेले तेवढे ते होते. अशा बातमीत आकड्याच्या आधीचे शब्द नीट वाचावेत: ‘किमान’, ‘सुमारे’, ‘अधिकृत सूत्रांनुसार’, ‘प्रत्यक्षदर्शींच्या मते’. आकडा बदलत जातो, पण तो कोणी दिला हे त्या दिवशीच नोंदले गेलेले असते, आणि पुढच्या अभ्यासाला त्याचाच आधार लागतो.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती आणि लातूर-उस्मानाबाद भागातली माणसे उशिरा निजलेली होती. त्या तारखेच्या सकाळच्या अंकात भूकंप शोधू नये. तो १ ऑक्टोबरच्या अंकात येतो आणि म्हणून आपल्या आजोबांनी नेमका तोच अंक ठेवलेला आहे. लंडनमध्ये मात्र तेव्हा २९ तारखेची मध्यरात्र व्हायची होती, त्यामुळे परदेशी नोंदींत कधी कधी २९ सप्टेंबर ही तारीख दिसते. तिला चूक समजू नये. मृतांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत आजही सुमारे ८,००० पासून जवळजवळ १०,००० पर्यंत आढळतात. पहिल्या दिवशीचे पान पाहताना मी आकड्यापेक्षा गावांच्या नावांकडे लक्ष देतो. पहिल्या दिवशी कोणती गावे नावाने आली आणि कोणती तिसऱ्या-चौथ्या दिवशी आली, यावरून रस्ते, दूरध्वनी आणि वार्ताहर कुठवर पोहोचले होते ते कळते. मदत कोणत्या गावी उशिरा गेली असेल, याचा अंदाजही तिथून बांधता येतो.

आतापर्यंतचे सार असे: तारखेबरोबर वेळ पाहावी, आकड्याबरोबर तो देणारा पाहावा, आणि पानाचा कोणताही भाग कापू नये. आता पहिल्या पानावर जे नसते त्याविषयी, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर या हत्याकांडाचा आठ कॉलमी मथळा शोधणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो. पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला, बातम्यांची वाट अडवली गेली, लाहोरच्या ‘ट्रिब्यून’चे संपादक कालीनाथ रॉय यांना शिक्षा झाली. मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांनी पंजाबातील दडपशाहीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा सरकारने त्यांना २६ एप्रिल १९१९ रोजी हद्दपार करून इंग्लंडला पाठवले. मुंबईच्या फोर्ट भागातले हॉर्निमन सर्कल त्यांच्याच नावाचे आहे. सरकारने नेमलेल्या हंटर समितीने मृतांचा आकडा ३७९ धरला, काँग्रेसच्या चौकशीत तो १,००० च्या घरात गेला, पण या दोन्ही चौकशा काही महिन्यांनंतरच्या. एप्रिल १९१९ च्या पानांवरची शांतता हीच त्या काळच्या राज्यकारभाराची नोंद आहे. मात्र ती शांतता वाचायची तर बंदीचे हुकूम, संपादकांवरचे खटले आणि त्यानंतरच्या महिन्यांतले अंक हाताशी हवेत. एकट्या पानावरून ती वाचता येत नाही.

बंदी नसतानाही पहिल्या पानाची जागा एका शोकाने व्यापली की दुसरा शोक बाजूला पडतो. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी साडेनवाच्या सुमारास इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी रेडिओने बातमी दिली तरी आकाशवाणीने मृत्यूची घोषणा केली ती संध्याकाळी. १ नोव्हेंबरची पाने पंतप्रधानांच्या हत्येने आणि राजीव गांधींच्या शपथविधीने भरलेली असणे स्वाभाविक होते. पण दिल्लीत शिखांची कत्तल त्याच दिवसांत चालू होती, आणि पुढे अधिकृत मोजणीत एकट्या दिल्लीतले २,७३३ मृत्यू नोंदले गेले. दिल्लीतल्या त्रिलोकपुरी या वस्तीत काय घडले ते जगाला कळले, कारण ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर स्वतः त्या वस्तीत गेले. ‘राष्ट्रीय शोक’ म्हणून जपून ठेवलेल्या घरगुती अंकांत मला १ नोव्हेंबरचा अंक नेहमी भेटतो, त्यानंतरच्या तीन-चार दिवसांचे क्वचितच भेटतात. घरच्या माणसांनी मोठ्या मथळ्याचा अंक ठेवला, यात त्यांचा दोष नाही. पण राष्ट्राने कोणत्या मृत्यूंचा शोक त्या दिवशी केला आणि कोणत्यांचा फार उशिरा, हे पाहण्यासाठी ती पुढची पाने ग्रंथालयातून मिळवावीच लागतात.

तसेच घटनेच्या आधीची पाने. गांधीजींच्या हत्येच्या दहा दिवस आधी, २० जानेवारी १९४८ रोजी, बिर्ला भवनातच मदनलाल पाहवा याने स्फोट घडवला होता आणि त्याला तिथेच पकडले होते. २१ जानेवारीचे पान ३१ जानेवारीच्या पानाशेजारी ठेवले की, मधल्या दहा दिवसांत काय व्हायला हवे होते, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. हत्येच्या कटाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती कपूर आयोगाला तो जवळजवळ दोन दशकांनंतर तपासावा लागला. भोपाळच्या बाबतीत तर राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात १९८२ मध्येच कारखान्याच्या धोक्याविषयी लिहिले होते आणि जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तून पुन्हा इशारा दिला होता. मोठ्या दैनिकांची ४ डिसेंबरची पाने सर्वत्र प्रदर्शनांत लावली जातात. मला विचाराल तर त्या दुर्घटनेचे सर्वांत मोलाचे वृत्तपत्रीय कागद हे त्या छोट्या साप्ताहिकाचे अंक आहेत, कारण ही दुर्घटना टाळता आली असती, हे तेच सांगतात.

पहिल्या पानाच्या बाबतीत एक सावधगिरी इंग्रजी वृत्तपत्रांसाठी घ्यावी. लंडनच्या ‘टाइम्स’ने २ मे १९६६ पर्यंत पहिल्या पानावर जाहिराती छापल्या, आणि आपल्याकडच्या ‘द हिंदू’मध्येही १९५८ पर्यंत हीच रीत होती. जुन्या फायलीत मोठ्या दुर्घटनेच्या दिवशी पहिल्या पानावर साबणाची जाहिरात दिसली, तर आतली पाने उलटावीत.

आपला १९४८ चा अंक मूळ आहे की नंतर काढलेली प्रतिकृती, हेही तपासून घ्यावे. स्मृतिदिनांच्या निमित्ताने अशा पानांची पुनर्मुद्रणे निघालेली आहेत आणि ती जुनी झाली की तीही पिवळी पडतात. पान मागच्या बाजूने पाहा. खिळ्यांच्या छपाईत कागदावर दाब पडतो. टॉर्च पानाच्या कडेने, अगदी तिरपा धरला तर मागच्या बाजूला अक्षरांचे किंचित उठाव दिसतात, ठळक मथळ्यापाशी बोटालाही लागतात. ऑफसेटवर छापलेल्या प्रतिकृतीत पाठ सपाट असते. भिंगातून पाहिले की प्रतिकृतीत अक्षरांच्या कडा थोड्या भरून आलेल्या दिसतात, कारण ते छापलेल्या पानाचे छायाचित्र असते. मागच्या पानावर त्याच तारखेचा मजकूर आहे का, शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची ओळ आहे का, हेही पाहा. एकच सुटे पान, मागची बाजू कोरी किंवा भलत्याच मजकुराची, असे असेल तर ती प्रतिकृती समजावी. प्रतिकृतीही जपण्यासारखी असते, फक्त तिच्यावरून आवृत्ती आणि छपाईविषयी काही सिद्ध करता येत नाही.

आता जपणुकीविषयी. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्या लगद्यातले लिग्निन (लाकडातला एक नैसर्गिक घटक) काढून टाकलेले नसते. हवा आणि उजेड लागला की कागद पिवळा, मग तपकिरी होतो, त्यात आम्ल वाढते आणि घडीवर तो तुटतो. फ्रेम करून भिंतीवर लावणे म्हणजे त्याला रोज उजेडात ठेवणे होय. म्हणून सुरुवातीलाच थांबा म्हटले. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होत राहतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी डाग पाडतो. पान फाटलेले असेल तर तुकडे जागच्या जागी ठेवून अंक तसाच राहू द्या, दुरुस्ती जाणकाराकडून करून घ्या.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा, मोठे टेबल मोकळे करा आणि अंक सावकाश उघडा. घडी उघडताना कागद कुरकुरत असेल तर जबरदस्ती करू नका, तिथेच थांबा. थेट ऊन नसलेल्या दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे आधी पूर्ण आणि मग चार भागांत छायाचित्र घ्या. कडेला मोजपट्टी ठेवा. जाहिराती, बाजारभाव, सिनेमांच्या वेळा, सगळे घ्या. शोकामुळे कोणते खेळ रद्द झाले, कोणती दुकाने बंद राहिली, हे बहुधा जाहिरातींच्या पानावरच सापडते. नंतर अंक सपाट, पूर्ण उघडलेल्या आकारात, आम्लरहित कागदाच्या मध्ये घालून सपाट खोक्यात ठेवा. पत्र्याखालचा माळा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट, या दोन्ही जागा टाळा. आपल्याकडे पावसाळ्यात ओल आणि कसर यांनी जेवढे कागद खाल्ले आहेत तेवढे काळानेही खाल्ले नसतील. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. भिंतीवर लावायचेच असेल तर त्या छायाचित्राची चांगल्या कागदावर छापलेली प्रत फ्रेम करा.

प्रत्येक अंकाबरोबर एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा: कुठे सापडला, कोणाचा होता, ट्रंकेत त्याच्या वर-खाली काय होते, अंकावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिकटपट्टी किंवा टपालाचा शिक्का आहे का. आजोबांनी कोणत्या मजकुराखाली रेघ मारली असेल किंवा समासात काही लिहिले असेल तर ते पुसू नका. पान छापणाऱ्याची साक्ष देते, तशी ही खूण वाचणाऱ्याची साक्ष देते, आणि वाचकांच्या साक्षी फारच थोड्या उरल्या आहेत.

शेवटी, अंक कुणाला दाखवावा हे सांगतो. प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रती द्याव्यात असे सांगणाऱ्या १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन वृत्तपत्रेही आली. त्यामुळे १९८४ आणि १९९३ चे आपले अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा मुंबईच्या टाउन हॉलमधील सेंट्रल लायब्ररीत मिळण्याची शक्यता बरी आहे. १९४८ चा अंक त्या कायद्याच्या आधीचा आहे, म्हणून त्याची दुसरी प्रत कुठे आहे हे मुद्दाम शोधावे लागेल. ठाणे आणि मुंबईची मराठी ग्रंथसंग्रहालये, त्या दैनिकाची कचेरी आजही चालू असेल तर तिचे ग्रंथालय, आणि दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयाचा मायक्रोफिल्म विभाग, या क्रमाने चौकशी करा. चौकशी करताना नुसते ‘१९४८ ची फाईल आहे का’ असे विचारू नका. ‘३१ जानेवारीचा अंक फाईलमध्ये आहे का, पूर्ण आहे का आणि कोणत्या आवृत्तीचा आहे’ असे विचारा. बांधीव फायलींत नेमके अशाच दिवसांचे अंक सर्वांत झिजलेले, फाटलेले किंवा कुणीतरी कापून नेलेले असतात. तिथे तो नसेल, किंवा असून शहर आवृत्तीचा असेल आणि आपला डाक आवृत्तीचा निघाला, तर आपल्याकडच्या सर्व पानांची छायाचित्रे आणि ती चिठ्ठी त्यांना द्या. मूळ अंक घरी ठेवायचा की ग्रंथालयाकडे सोपवायचा, हे त्यानंतर घरच्यांनी बसून सावकाश ठरवले तरी चालेल.